शब्दचर्चा : ‘शेअर्ड रेग्युलेटर’ म्हणजे सामाईक की वाटून घेतलेला?

प्रश्न : एम्बेडेड लिनक्सवरील (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर चालणाऱ्या लिनक्सवरील) एका पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. एकाच रेग्युलेटरवर (उपकरणांना ठरावीक व्होल्टचा वीजपुरवठा करणाऱ्या भागावर) अनेक डिव्हाइस ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे प्रोग्राम) अवलंबून असतात, त्यासाठी मी ‘ड्रायव्हरांनी वाटून घेतलेला नियामक’ असे लिहिले. सहकाऱ्यांना ते खटकले. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद : मलाही दोन्ही शब्द खटकतात. मुंबईत ‘नियामक’ म्हटले की फोर्टमधली रिझर्व्ह बँक नाहीतर वांद्रे-कुर्ला संकुलातली सेबी आठवते. उलट पंख्याचा आणि गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर घरोघरी आहे, तेव्हा तो शब्द तसाच राहू द्यावा.

‘वाटून घेतलेला’ हा मात्र अर्थाचाच घोटाळा आहे. सातबाऱ्यावरची सामाईक जमीन वाटली की ती सामाईक राहत नाही. इंग्रजी ‘शेअर’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, मराठीत ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. इथे रेग्युलेटर समजा १.८ व्होल्टचा असेल, तर त्या व्होल्टचे तुकडे होत नाहीत, प्रत्येक उपकरणाला तोच संपूर्ण विद्युतदाब मिळतो. चाळीतल्या सामाईक नळासारखे हे आहे, आणि म्हणून ‘सामाईक रेग्युलेटर’.

प्रश्नकर्ती : पटले. मग ‘डिसेबल’साठी ‘बंद करणे’ चालेल ना?

प्रतिसाद : माझ्या मते नाही. २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत, लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये आलेली रेग्युलेटर व्यवस्था मागण्यांची मोजणी ठेवते : ड्रायव्हरने ‘इनेबल’ म्हटले की आकडा एकाने वाढतो, ‘डिसेबल’ म्हटले की एकाने उतरतो, आणि शेवटची मागणी मागे घेतली गेली तरच, तेही रेग्युलेटर कायम चालू ठेवायचा असे नमूद केलेले नसेल तर, पुरवठा प्रत्यक्षात थांबतो. म्हणून ‘मागणी मागे घेणे’ असे लिहावे. ‘बंद करणे’ हे सक्तीने तोडणाऱ्या ‘फोर्स डिसेबल’साठी राखून ठेवावे, कारण तिथे इतरांचा विचार खरोखरच होत नसतो.

हा शब्दच्छल वाटेल, पण मी याची किंमत मोजली आहे. जुन्या कर्नलच्या एका बोर्डावर सेन्सर आणि टचस्क्रीन एकाच रेग्युलेटरवर होते. सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये, मीच लिहिलेल्या चूक-हाताळणीत, ‘डिसेबल’ दोनदा बोलावले जाई. दुसऱ्या खेपेला टचस्क्रीनची मागणी खोडली जाई आणि स्क्रीन मुकी होई. दोन दिवस मी टचस्क्रीनचाच ड्रायव्हर उसवत बसलो होतो.

आणखी एक प्रतिसाद : दाबाच्या बाबतीतही ‘सामाईक’ नेमका बसतो. एका ड्रायव्हरने १.७ ते १.९५ आणि दुसऱ्याने १.८ ते ३.३ व्होल्ट मागितले, तर कर्नल दोघांना चालेल असा १.८ ते १.९५ चा सामाईक पट्टा धरते. तसा पट्टाच नसेल, तर नंतरच्या मागणीला नकार मिळतो. जिथे रेग्युलेटर एकाच ड्रायव्हरला हवा असतो, त्या ‘एक्स्क्लुझिव्ह’ला ‘अनन्य’पेक्षा ‘स्वतंत्र’ म्हणावे. चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेला माणूस ‘स्वतंत्र नळ आहे’ असेच सांगतो.

प्रश्नकर्ती : ‘कन्झ्युमर’ला, म्हणजे रेग्युलेटरकडे पुरवठा मागणाऱ्या ड्रायव्हरला, वीजबिलावरचा ‘ग्राहक’ घेते. दुरुस्त वाक्य असे : ‘सामाईक रेग्युलेटरच्या सर्व ग्राहकांनी आपापली मागणी मागे घेतल्याखेरीज पुरवठा थांबत नाही.’