खाद्यतेलाचं सीमाशुल्क आणि अडकलेला जीएसटी परतावा : अर्थमंत्रालयासाठी संसदेतला प्रश्न कसा लिहावा?

सियागंजकर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या छोट्या तेल-पॅकिंगवाल्यांच्या वतीनं खासदारांकडे प्रश्नाचा मसुदा द्यायचा आहे. विषय दोन.

पहिला परताव्याचा. सुट्टं तेल ५ टक्क्यांनी येतं, टिन आणि प्लास्टिकच्या पिशव्या १८ टक्क्यांनी, आणि विक्री ५ टक्क्यांनी. नमुन्यादाखल आकडे घ्या. १,४०० रुपयांच्या तेलावर ७० रुपये कर, १०० रुपयांच्या डब्यावर १८, म्हणजे भरले ८८. भरलेला डबा १,५६० ला विकला की त्यावर कर ७८. डब्यामागे १० रुपये क्रेडिट (आधी भरलेल्या कराची न वापरली गेलेली वजावट) खात्यात साचतं, आणि १८ जुलै २०२२ पासून खाद्यतेलाला त्याचा परतावा बंद आहे. दुसरा विषय खाद्यतेलाच्या आयातीवरच्या मे २०२५ मधल्या शुल्ककपातीचा.

आमचा मसुदा असा : «छोटे व्यापारी भरडले जात आहेत हे सरकारला ठाऊक आहे का? परतावा का बंद केला? शुल्क कमी केल्यामुळे माळव्यातल्या सोयाबीन उत्पादकांचं नुकसान होत नाही का? सरकार दर कधी बदलणार?»

तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) मागावा की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? आणि यात काय चुकतंय?

रामबाग

दादा, चारही वाक्यं अडचणीची आहेत.

लोकसभेच्या कार्यपद्धतीतला नियम ४१ समोर ठेवा. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, आरोप चालत नाही. सरकारचं मत विचारता येत नाही. न्यायप्रविष्ट बाब येत नाही. सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत असलेली माहिती किंवा आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. लांबी साधारण १५० शब्दांच्या आत. «भरडले जात आहेत» हा आरोप झाला, «नुकसान होत नाही का» हे अनुमान. हे तिथेच गळतील.

«परतावा का बंद केला» हे मंजूर होईलही, पण उत्तर आधीच ठरलेलं आहे : जीएसटीचे दर आणि सवलती जीएसटी परिषदेच्या शिफारशीनुसार ठरतात, परिषद ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २७९क खालची संस्था आहे. दोन ओळी, विषय बंद. «दर कधी बदलणार» यालाही तेच. अर्थसंकल्पाच्या आधी तर दराबद्दल मंत्रालय तोंड उघडत नाही.

म्हणून असं विचारा जे फक्त मंत्रालयाकडेच आहे आणि ज्याचं उत्तर तारीख, आकडा किंवा हो-नाही यांतच देता येतं. परतावा बंद करण्याची शिफारस चंदीगडला २८-२९ जून २०२२ ला झालेल्या परिषदेच्या ४७ व्या बैठकीत झाली. तिची अंमलबजावणी अधिसूचना ९/२०२२-केंद्रीय कर (दर) यानं झाली; खाद्यतेलांची शीर्षकं (मालाचे करासाठीचे सांकेतिक क्रमांक) १५०७ ते १५१८ त्यात येतात. ४७ व्या बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त परिषदेच्या संकेतस्थळावर आहे, ते आधी वाचा. कारण तिथेच लिहिलेलं असेल, तर «का» विचारून प्रश्न वाया घालवू नका. त्यानंतर काय झालं ते विचारा : हा विषय पुन्हा फिटमेंट समितीपुढे (दरांबाबत परिषदेला शिफारस करणारी अधिकाऱ्यांची समिती) ठेवला का, कोणत्या बैठकीत, आणि समितीचं म्हणणं काय होतं.

आणखी एक सापळा. «शीर्षक १५०७ मध्ये किती परतावा अडकला» असं विचारलंत तर «अशी आकडेवारी केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही» असं उत्तर येण्याचा मोठा धोका आहे. परताव्याचा अर्ज करदात्याचा असतो, मालाच्या शीर्षकाचा नसतो. १८ जुलै २०२२ च्या आधीच्या कालावधीचे, पण नंतर दाखल झालेले अर्ज हा मुद्दाही मसुद्यात घालू नका, तो उच्च न्यायालयांत गेलेला आहे.

आता तारांकित की अतारांकित. अतारांकितच द्या. लोकसभेत एका दिवसाच्या तारांकित यादीत २० प्रश्न असतात आणि तासाभरात त्यांतले मोजकेच तोंडी घेतले जातात. अतारांकित २३० असतात, म्हणजे नंबर लागण्याची शक्यता कितीतरी जास्त, शिवाय तक्ता जोडलेलं लेखी उत्तर हातात येतं. तुम्हाला तक्ताच हवा आहे.

तिलकपथ

रामबागांशी बहुतेक सहमत, तारांकितबद्दल मात्र नाही. पुरवणी प्रश्न फक्त तारांकितावर विचारता येतात. मंत्र्यांनी «विचाराधीन आहे» म्हटलं की «केव्हापर्यंत» हे तिथल्या तिथे विचारता येतं. खासदार विषय समजून घेणारे असतील आणि दोन पुरवणी प्रश्न पाठ करून बसणार असतील तर परताव्याचा तारांकित द्या, शुल्काचा अतारांकित. एक सदस्य एका दिवसासाठी दोन्ही मिळून पाच नोटिसा देऊ शकतो, त्यामुळे निवड करावीच लागते असं नाही. तारांकिताची पाळी आली नाही तरी त्याचं लेखी उत्तर पटलावर येतंच.

आता शुल्काकडे, कारण मसुद्यात इथे सगळ्यात जास्त घोटाळा होईल. «आयात शुल्क कमी केलं» हे अपुरं आहे. नेमकं असं :

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झालं, रिफाइंडवरचं १२.५ वरून ३२.५. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्यावरचं २० वरून १० वर आणलं, रिफाइंडला हात लावला नाही. कच्च्यावर ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर वेगळा, आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणून १० + ५ = १५, त्यावर १.५, एकूण १६.५ टक्के. आधी २० + ५ + २.५, म्हणजे २७.५ होतं. रिफाइंडवर तो उपकर नाही : ३२.५ + ३.२५ = ३५.७५. दोहोंतलं अंतर ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेलं. प्रश्नात «शुल्क» असं मोघम लिहिलंत तर मंत्रालय फक्त मूळ शुल्काचा आकडा देऊन मोकळं होईल.

टक्के कशावर लावायचे हेही महत्त्वाचं. पाम तेल आणि कच्च्या सोयाबीन तेलाला बिलावरची किंमत धरत नाहीत; सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम १४(२) खाली सीबीआयसी (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ) दर पंधरवड्याला डॉलर प्रति टन असं टॅरिफ मूल्य जाहीर करतं, शुल्क त्यावर. समजा टॅरिफ मूल्य १,००० डॉलर आणि विनिमय दर ८५ रुपये. टनाला ८५,००० रुपये धरून २७.५ टक्क्यांनी २३,३७५ आणि १६.५ टक्क्यांनी १४,०२५. फरक ९,३५०, म्हणजे किलोला ९ रुपये ३५ पैसे. टॅरिफ मूल्य वर गेलं की कपातीतला काही भाग तिथेच खाल्ला जातो. भाव का उतरले नाहीत, यावर बोलताना हे बहुतेक जण विसरतात.

मंत्रालयही सांभाळा. शुल्काचा दर आणि वसुली अर्थमंत्रालयाची. खाद्यतेलाचे भाव आणि साठा अन्न व सार्वजनिक वितरण विभागाचा, सोयाबीनचा हमीभाव कृषी मंत्रालयाचा, आयातीवरचे निर्बंध वाणिज्य मंत्रालयाचे. माळव्यातला शेतकरी आणि सीमाशुल्क एकाच प्रश्नात कोंबलेत तर तो दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होईल. प्रत्येक मंत्रालयाच्या प्रश्नांचा वार ठरलेला असतो; दिवस बदलला की नंबर गेला. शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं तितकंच खरं आहे, म्हणून त्याला स्वतःचा वेगळा प्रश्न द्या.

पीथमपूर_रोड

एक व्यावहारिक गोष्ट. तुमचे सभासद महू-पीथमपूरचेही असतील तर लक्षात घ्या, तो भाग धार मतदारसंघात येतो आणि तिथल्या खासदार सध्या केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत. इंदूरच्या खासदारांकडे द्याच, सोबत मध्य प्रदेशातल्या एखाद्या राज्यसभा सदस्याकडेही द्या. अर्थमंत्रालयाचा दिवस सध्या लोकसभेत सोमवार, राज्यसभेत मंगळवार. नोटीस किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते आणि क्रम सोडतीनं ठरतो. चार आठवड्यांच्या अधिवेशनात चारच सोमवार मिळतात, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी मसुदा पीएच्या हातात हवा.

सियागंजकर

सगळ्यांचे आभार. सुधारलेला मसुदा :

«वित्त मंत्री यांनी सांगावे :
(क) जीएसटी परिषदेच्या ४७ व्या बैठकीनंतर खाद्यतेलाच्या (शीर्षक १५०७ ते १५१८) साचलेल्या क्रेडिटचा परतावा पुन्हा सुरू करण्याविषयी किती निवेदने आली, वर्षनिहाय;
(ख) हा विषय फिटमेंट समितीपुढे ठेवण्यात आला काय, असल्यास केव्हा आणि निष्कर्ष काय;
(ग) कच्च्या सोयाबीन तेलावर (१५०७ १० ००) एप्रिल २०२४ पासून जमा झालेले मूळ सीमाशुल्क, उपकर आणि अधिभार, महिनानिहाय व वेगवेगळे;
(घ) याच काळात इंदूर भागात किती तेल आयात झाले;
(ङ) छोट्या पॅकिंग व्यावसायिकांना दिलासा देण्यासाठी सरकार कोणती पावले उचलत आहे?»

रामबाग

खूपच बरा झाला. तीन दुरुस्त्या.

(घ) काढा. तेल कांडला, मुंबईसारख्या बंदरांवर उतरतं आणि शुल्क तिथेच भरलं जातं. इंदूर भागाची आयात म्हणून शून्य किंवा दिशाभूल करणारा आकडा येईल. देशाची आठ अंकी शीर्षकानुसार आयात वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेच. स्थानिक माहिती हवी तर इंदूरच्या माणिकबागेतल्या सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. तिथे «नामंजूर झालेले उलट्या कररचनेचे परतावा अर्ज, वर्षनिहाय संख्या व रक्कम» असं मागा; उलटी कररचना म्हणजे तुमच्यासारखं, खरेदीतल्या मालावर विक्रीपेक्षा जास्त दर.

(क) आणि (ख) एका प्रश्नात, (ग) दुसऱ्यात. एकत्र ठेवलं की «(क) ते (ग) :» असं एकच गोलमाल उत्तर लिहायला वाव मिळतो. आणि (ग) मध्ये टॅरिफ मूल्य विचारू नका, ते अधिसूचनांतून तुम्हीच काढा आणि उत्तराच्या शेजारी मांडा.

(ङ) ला हमखास सरकारच्या जुन्या योजनांची यादी येते. त्याऐवजी असं लिहा : «परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय ठेवण्याचा प्रस्ताव आहे काय?» मागणीच मांडायची असेल तर त्यासाठी नियम ३७७ आहे : खासदार २५० शब्दांपर्यंतचा मजकूर सभागृहात मांडतात आणि मंत्रालय त्यांना लेखी कळवतं. तिथे व्यापाऱ्यांची व्यथा मोकळेपणानं लिहा, डब्यामागच्या १० रुपयांच्या हिशेबासकट.

तिलकपथ

उत्तर आल्यावर ते बारकाईनं वाचा. «माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवली जाईल» असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. नाही झालं तर खासदारांकडून आश्वासन समितीला पत्र घाला. उत्तर आलं पण अर्धवट असेल तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाच्या चर्चेची नोटीस देता येते, तीन दिवस आधी.

महसूल विभाग अर्थसंकल्पाआधी व्यापारी संघटनांकडून करविषयक सूचना मागवतो. हिवाळी अधिवेशनात मिळालेलं उत्तर क्रमांक आणि तारखेसह तुमच्या निवेदनाला जोडा. (क) मध्ये निवेदनांची संख्या येणार आहे, तेव्हा तुमचं निवेदन अजून गेलं नसेल तर नोटिशीच्या आधी पाठवा आणि पोच जपून ठेवा. उत्तरात «निवेदन प्राप्त झालेले नाही» असं आलं तर ती पोचच खासदारांच्या कामी येईल.