समुद्रकाठी स्थायिक होण्यापूर्वी गुहागरला राहून पाहावे का?

कोथरूडकर यांचा प्रश्न :

मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहे. गेली दहा-बारा वर्षे आम्ही उभयता दर दिवाळीनंतर चार-पाच दिवस गुहागरला जातो आणि परतताना कुंभार्ली घाट चढू लागलो की दर वेळी एकच विषय निघतो, की आता इथेच यावे. पुण्यातील सदनिका विकून गुहागरच्या खालच्या पाटात (तिथल्या एका वस्तीत) समुद्रालगतची एखादी लहान वाडी, आत जुने कौलारू घर, असे काहीसे मनात आहे. पत्नीचे म्हणणे असे, की विकण्याआधी काही महिने तिथे राहून पाहावे. मला ते पटते, परंतु कधी जावे, किती दिवस राहावे आणि या काळात नेमके काय तपासावे, हे कळत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य ठरेल का? दोघांचेही वय साठीच्या आसपास आहे आणि मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत.

पाटकरीण यांचे उत्तर :

मी गुहागरचीच आहे, तेव्हा स्पष्ट लिहिते; राग मानू नये. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गुहागर कोणालाही आवडते, त्यासाठी वेगळी परीक्षा कशाला? तुम्ही मेअखेरीस या आणि गणपती होईपर्यंत राहा. आमच्या जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तुमच्या पुण्यात सातशेच्या आसपास. हा फरक आकड्यांत कळत नाही. मिठाच्या बरणीत तळाशी पाणी साचते, दार फुगून चौकटीत अडकते आणि आठवडाभर वलणीवर घातलेल्या कपड्यांचा कुबट वास जात नाही, तेव्हा तो कळतो.

याच काळात यावे याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. इथे बाराही महिन्यांसाठी घर भाड्याने देणारे फार थोडे, कारण दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात पर्यटकांकडून जे उत्पन्न मिळते ते मासिक भाड्याने भरून निघत नाही. पावसात मात्र त्याच खोल्या रिकाम्या असतात आणि घर उघडे राहिले, दिवा लागला, तर मालकालाही ते हवेच असते. भाडे ठरवताना विहिरीचे पाणी मे महिन्यात किती राहते आणि खारे होते का, हे मालकाला न विचारता शेजारी विचारावे.

वाडीविषयी एक सांगते. नारळी-पोफळीची वाडी म्हणजे सावली नव्हे, रोजचे काम आहे. पाऊस संपला की पुढच्या पावसापर्यंत पोफळींना पाणी द्यावे लागते, आणि नारळ पाडायला माणूस वेळेवर मिळत नाही ही आमचीच रड आहे, तिथे नव्याने आलेल्यांचे काय! शिवाय ती जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला ती सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही. भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत, आणि सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असणे इथे नवलाचे नाही. तेव्हा वकिलाकडे जाण्याआधी वाडीचे स्वप्न फार रंगवू नका.

परतलेली यांचे उत्तर :

आम्ही डोंबिवलीहून वेळणेश्वरजवळ राहायला गेलो होतो आणि दीड वर्षाने परत आलो. पाऊस हे आमच्या परतण्याचे कारण नव्हते. पाऊस आम्हाला आवडला. अडचण अशी झाली, की यजमान तिथे रमले आणि मी रमले नाही, हे आम्ही एकमेकांना वर्षभर सांगितलेच नाही. ते सकाळी किनाऱ्यावर दोन तास फिरत, दुपारी पडवीत वाचत. माझा दिवस मात्र डोंबिवलीत होता त्याहून जड झाला, कारण सिलिंडर, किराणा, दुरुस्ती, प्रत्येक गोष्टीसाठी शृंगारतळी किंवा चिपळूण गाठावे लागे आणि घरकामाला बाई मिळत नव्हती. म्हणून सुचवते, की चाचणीच्या काळात घरकामाची वाटणी ठरवून घ्यावी आणि दोघांनी वेगवेगळ्या वहीत रोज दोन ओळी लिहाव्यात.

औषधांबाबत निष्काळजीपणा करू नका. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा आमच्या घराला धक्काही लागला नाही, पण यांच्या मधुमेहाच्या गोळ्या चिपळूणहून येत आणि त्या कित्येक दिवस मिळाल्या नाहीत. दोन महिन्यांचा साठा घरात हवाच.

भाडेकरू यांचे उत्तर :

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त एक अनुभव जोडतो. मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत घर भाड्याने घेऊन राहत होतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. चार तासांत माझा फ्रिज आणि काही पुस्तके गेली. घरमालकांची अख्खी वाडी आडवी झाली. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे लागतात. मालक सत्तरीचे होते. वीज येईपर्यंत आम्ही दोघे संध्याकाळी त्यांच्या ओटीवर बसत असू आणि ते पडलेली झाडे मोजत. त्यानंतर मी किनाऱ्यावर घर घेण्याचा विचार सोडला. आज दापोलीतच, पण समुद्रापासून आत, उंचावर राहतो. खारा वारा कमी लागतो, त्यामुळे बिजागऱ्या आणि खिडक्यांचे गज टिकतात, आणि समुद्र पाहायचा झाला तर गाडीने हर्णैला जाता येते. तात्पर्य, गुहागर आवडले तरी ‘समुद्रालगत’ या शब्दाचा फेरविचार करावा.

कोथरूडकर :

सर्वांचे आभार. उत्तरे पत्नीला वाचून दाखवली. वह्यांची सूचना तिने लगेच उचलली, आणि घरकामाच्या वाटणीची तर माझ्या आधी. २५ मेच्या सुमारास यायचे ठरवत आहोत. पाटकरीण ताई, आगोटीत, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीत, काय काय भरून ठेवावे? आणि माझी पुस्तके आणावीत का?

पाटकरीण :

तांदूळ, डाळी, कांदे, लाल मिरच्या, भरपूर काडेपेट्या. मासे खात असाल तर सुकट आणि सुके बोंबील घ्या, कारण १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद असतात आणि बाजारात खाडीचे थोडेफार तेवढे मिळते. अंधारात अंगणात उतरताना बॅटरी आणि पायात बूट हवेत. आमच्याकडे फुरसे, म्हणजे विषारी साप, फार. पुस्तके पहिल्या खेपेत आणू नका. वाचायला लागतील तेवढी चार आणा, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बाकीची गणपतीनंतर बघू.