'डेथ विश २' समीक्षकांनी एवढा का झोडपला? जाणकारांनी लिहा

रीळवेडा
परवा गप्पांत हॉलिवूडचा नट चार्ल्स ब्रॉन्सनचा विषय निघाला आणि 'डेथ विश २' (१९८२) आठवला. पहिल्या भागाला (१९७४) अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने तीन तारे दिले होते, दुसऱ्याला एकही नाही. दिग्दर्शक तोच मायकल विनर, नायक तोच पॉल कर्सी (ब्रॉन्सन). मग बिघडलं कुठे? "हिंसा फार" एवढ्यावर थांबू नका, ती पहिल्यातही होती.

मधली_सुट्टी
पहिल्यात बायको-मुलीवर हल्ला करणारे कर्सीला सापडतच नाहीत. भुयारी रेल्वेत, बागेत जो लुटायला येईल त्याला तो मारतो. आधी मोज्यात नाणी भरून एकाला हाणतो, पिस्तूल नंतर येतं. पहिला खून करून घरी आल्यावर त्याला उलटी होते. दुसऱ्यात गाव लॉस एंजेलिस, गुंडांचे चेहरे ठाऊक आणि एकेकाला गाठून मारायचं. प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागाच ठेवलेली नाही. सगळं दुखणं इथे आहे.

सुमेधा_क
+१. कुकर लावलाय, पटकन लिहिते. ईबर्टने दुसऱ्या भागाच्या परीक्षणातच सांगितलंय की शून्य तारे तो फक्त कलेच्या दृष्टीने कच्च्या आणि नीतीच्या दृष्टीने किळसवाण्या सिनेमाला देतो. दोन्ही अटी लागतात. नुसता फसलेला सिनेमा त्यात बसत नाही. मोलकरणीवरच्या अत्याचाराचा प्रसंग बघा, कॅमेरा किती वेळ तिथे रेंगाळतो. कथेला त्यातलं निम्मंही लागत नाही. मला त्याचा अजूनही राग येतो.

जुना_पडदा
मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची, १९७२. त्यात नायक हिशेबनीस, सिनेमात आर्किटेक्ट केला. सिनेमाने सूडाचं कौतुक केलं हे गारफिल्डला पटलं नाही, म्हणून त्याने १९७५ मध्ये 'डेथ सेंटेन्स' लिहिली. पुढचा भाग तयार होता हो! पण दुसरा भाग काढणाऱ्या कॅनन कंपनीच्या गोलान-ग्लोबस या निर्मात्यांनी ती बाजूला ठेवून वेगळीच कथा घेतली.

गिटारवाला
संगीतावर कोणीच बोलेना? पहिल्याला हर्बी हॅनकॉक, दुसऱ्याला जिमी पेज! त्याचा लेड झेपेलिन हा रॉक बँड संपल्यानंतरचं त्याचं हे मोठं काम. सिनेमा नाही पाहिलात तरी चालेल, अल्बम ऐका.

मधली_सुट्टी
@गिटारवाला, विषय भरकटतोय, पण अल्बमबद्दल सहमत. आणि गुंडांत तरुण लॉरेन्स फिशबर्न आहे. पहिल्यात जेफ गोल्डब्लम होता.

नाशिककर_७
बघणार असाल तर आधी प्रत तपासा. अमेरिकेत 'आर' (१७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्रासाठी आणि ब्रिटनमध्ये सेन्सॉरने कात्री लावलेली होती, त्यामुळे दोन समीक्षक वेगवेगळ्या लांबीच्या प्रतींवर बोलत असू शकतात. मात्र नुसत्या मिनिटांवर जाऊ नका. युरोपातली जुनी 'पाल' (PAL, तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडी सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेम) पळते, म्हणून ९० मिनिटांचा सिनेमा न कापताही ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो. कापलंय का हे प्रसंग जुळवूनच कळतं.

सुमेधा_क
हे कामाचं सांगितलंत. आणि परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज संकेतस्थळाचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. किती परीक्षणं अनुकूल, एवढंच तो सांगतो. जुन्या सिनेमांच्या यादीत नंतर लिहिलेली परीक्षणंही मिसळलेली असतात. १९८२ चं मत हवं असेल तर तारीख बघून त्याच वर्षाचं उघडा.

वैशाली_ठाणे
आपल्याकडचा 'आज की आवाज' (१९८४) पहिल्या भागावरूनच ना? राज बब्बर, स्मिता पाटील?

जुना_पडदा
हो ताई, रवी चोप्रांचा. स्मिता वकील आहे त्यात. अमेरिकन दुसऱ्या भागात नायकाला "तू हे का केलंस?" असं अडवून विचारणारं तसं भक्कम पात्रच नाही. जिल आयर्लंडची पत्रकार आहे, पण तिला खरं कळतं तेव्हा ती निघून जाते, वाद घालत नाही. तिथे पाच मिनिटांचं भांडण हवं होतं.

गिटारवाला
तिसऱ्या भागाचा धागा काढा कोणीतरी. न्यू यॉर्क म्हणून बरंचसं लंडनच दाखवलंय त्यात.