एस की एन, आधी ते बघा
कोविड होऊन गेल्यावर एका लॅबचा अँटीबॉडी रिपोर्ट पॉझिटिव्ह, दुसरीचा निगेटिव्ह कसा, असं कुणीतरी विचारलंय. चाचणी विषाणूच्या कोणत्या प्रथिनाची होती ते बघा. विषाणूवरचे काटे म्हणजे एस प्रथिन. आतल्या आरएनएला, म्हणजे विषाणूच्या जनुकीय साहित्याला, गुंडाळलेलं ते एन. शरीर दोन्हींविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, पण एनविरुद्धच्या बऱ्याच जणांत लवकर ओसरतात, म्हणून एनची चाचणी निगेटिव्ह आणि एसची पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय एन आत दडलेलं, त्यामुळे एनविरुद्धच्या अँटीबॉडी विषाणूला पेशीत शिरताना अडवू शकत नाहीत. ते काम काट्याच्या टोकाशी, पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटणाऱ्या भागावर बसणाऱ्या अँटीबॉडींचं. ओमायक्रॉन या विषाणूच्या नंतरच्या प्रकारात नेमका तोच भाग बराच बदलला, म्हणून जुन्या अँटीबॉडींची पकड सैल झाली.

आणि हो, कोविशील्ड लस फक्त एसची ओळख करून देते. कोव्हॅक्सिन लसीत अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, म्हणजे एनही. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांनी एनच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून संसर्ग होऊन गेला असं कृपया धरू नये.