डग्ग्यावरची सही खरी की खोटी, कसं ओळखायचं?

ठेका_सातारा
उस्ताद झाकिर हुसेन यांची सही असलेली तबलाजोडी विकाऊ आहे. सही डग्ग्याच्या (जोडीतल्या मोठ्या भांड्याच्या) लवेवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलाभोवतीच्या उघड्या कातड्यावर, काळ्या मार्करने. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे १९८८ सालची. जोडीला प्रमाणपत्र आणि उस्ताद सही करतानाचा फोटो आहे. पैसे देण्याआधी काय तपासू? आणि घेतलीच तर वाजवू का?

गजरा_वादी
प्रमाणपत्र बाजूला ठेवा. ते विक्रेत्यानेच छापलं असेल तर त्याची किंमत कागदाइतकीच. दुसऱ्या कुणी दिलं असेल तर त्यावरचा क्रमांक त्यांच्याकडेच पडताळा, विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. फोटोत *हाच* डग्गा आहे का ते बघा: शाईची (कातड्यावरच्या काळ्या गोलाची) जागा, गजऱ्याची (कातड्याच्या कडेच्या गोफाची) वीण, भांड्यावरचे पोचे. नुसते उस्ताद आणि मार्कर दिसत असतील तर तो फोटो कुठल्याही डग्ग्यासोबत विकता येतो.

आता पुडी, म्हणजे वरचं ताणलेलं कातडं. डग्गा वाजवताना मनगट लवेवर टेकतं, मींड (घसरता सूर) काढताना घासत पुढे जातं. त्या पट्ट्यात कातडं गुळगुळीत, काळपट होतं. सही तिथेच असेल आणि तरी कडक काळी दिसत असेल, तर ती वाजवणं थांबल्यावर केलेली आहे. दहापट भिंगातून बारीक भेगा बघा. भेग आधीची असेल तर मार्करची शाई भेगेत उतरून कडेने पसरते. सही आधीची असेल तर भेग रेघेला स्वच्छ कापून जाते. सही चाटेवर (कडेच्या वरच्या कातडी पट्टीवर) चढत असेल तर त्या पायरीवर वेगात लिहिणाऱ्याची रेघ बहुधा तुटते किंवा जाड होते. तिथे एकसारखी रेघ असली की मला शंका येते.

दायाँबायाँ
वरच्यात भर. तुलना करायची तर त्याच दशकातल्या, तारीख माहीत असलेल्या सह्यांशी करा. खऱ्या सहीत रेघेची टोकं निमुळती होत जातात. गिरवलेल्या सहीत टोकं बोथट, जाडी सारखी, मध्येच थबकल्याचे ठिपके. जालावरच्या एखाद्या सहीवर ही पारदर्शक करून ठेवली आणि तंतोतंत जुळली, तर आनंदून जाऊ नका: कुणीही दोनदा हुबेहूब सही करत नाही.

खोडाच्या (उजव्या तबल्याच्या लाकडी अंगाच्या) तळाचं लेबलही वाचा. त्यावर मोबाइल नंबर असेल तर वस्तू १९९५ च्या आधीची नाही, कारण त्याआधी देशात मोबाइल सेवाच नव्हती. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, हेही त्याच वर्षाच्या आसपास बदललं. मात्र लेबल जुनं म्हणजे सही जुनी असं नाही. पुड्या बदलतात, आणि जुन्या खोडा-भांड्यावर नवी पुडी बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ठेका_सातारा
लेबलचा फोटो मागवला आहे. घेतल्यावर सांभाळायची कशी?

गजरा_वादी
सहीचा डग्गा वाजवायचा नाही, रियाजाला दुसरा घ्या. पुडी सोडवूनही ठेवू नका, कातडं आकसून वाकडं होतं. भांड्यावरच असू द्या, पण वादीचा (पुडी ताणून धरणाऱ्या कातडी पट्टीचा) ताण थोडा उतरवा, नाहीतर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कातडं ताणून चाटेपाशी फाटतं. हवेतला ओलावा ४५ ते ५५ टक्के ठेवा. पावसाळ्यात बंद पेटीत सिलिका जेल, आणि ते महिन्याला वाळवून परत. बुरशी आली तर कोरडा मऊ ब्रश. स्पिरिट, तेल, टाल्कम काही लावू नका. सही ‘पक्की’ करायला लॅकरचा फवारा तर अजिबात नको, त्यातल्या द्रावकाने मार्कर पसरतो. उन्हातही ठेवू नका, मार्कर उडतो.

तरफ
हाच विक्रेता सहीची जुनी सतारही दाखवेल. घोडी (तारांखालचा आधार) किंवा नक्षी हस्तिदंताची वा सांबरशिंगाची असेल तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, सही कुणाचीही असो.