मदत हवी आहे: फाउलर यांचं २००२ सालचं पुस्तक आज नव्या मुलांना वाचायला द्यावं का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमची सात जणांची टीम आहे. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी, दिवसअखेर, सगळं जावामध्ये. जूनपासून तीन नवी मुलं आली आहेत. मेहनती आहेत, पण प्रत्येक स्क्रीनमागे एकच लांबलचक मेथड लिहितात आणि व्याजाचा हिशोब, क्वेरी, स्क्रीनवरचे मेसेज सगळं तिच्यातच कोंबतात. त्यांच्यासाठी दर शनिवारी दोन तास एकत्र वाचन करायचं ठरलंय. माझ्या मनात मार्टिन फाउलर यांचं 'पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्चर' आहे. आमचे दुसरे सीनियर म्हणतात, इतकं जुनं पुस्तक कशाला, त्यापेक्षा स्प्रिंगचं (आम्ही वापरतो त्या जावा फ्रेमवर्कचं) डॉक्युमेंटेशन वाचू द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच विचारतोय.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्या आठ प्रकरणांत चर्चा आहे, नंतरच्या दहांत एकेक पॅटर्न, म्हणजे नेहमी येणाऱ्या अडचणीवरचा ठरलेला तोडगा, सुटा करून मांडलाय. पहिला भाग सलग वाचा आणि दुसरा लागेल तसा उघडा, असं फाउलर स्वतःच सांगतात. मी पहिला पूर्ण वाचलाय, दुसरा निम्मा.

मला ते का द्यावंसं वाटतं, ते सांगतो. गेल्या वर्षी एका पतसंस्थेत एका आजोबांनी वारस बदलून घेतला. त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर त्यांचीच माहिती मोबाइल नंबर बदलण्यासाठी उघडलेली होती. तिथलं सेव्ह नंतर झालं आणि वारसाचं जुनं नाव परत आलं. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. पंधरा दिवसांनी आजोबा पासबुक भरायला आले तेव्हा ते त्यांच्या लक्षात आलं. आम्ही तीन दिवस शोधत होतो. डेटाबेसच्या दृष्टीने दोन्ही ट्रान्झॅक्शन बरोबरच होती, घोळ झाला होता तो स्क्रीन उघडणं आणि सेव्ह करणं यांच्या मधल्या वेळात. पुढे पाचवं प्रकरण वाचलं तर अगदी अशाच घोळाची चर्चा तिथे होती, आणि सविस्तर उपाय दुसऱ्या भागात: रेकॉर्डला व्हर्जनचा कॉलम ठेवा, अपडेट करताना वाचलेलं व्हर्जन अटीत घाला, आणि एकही ओळ बदलली नाही तर मध्ये कुणीतरी हात लावलाय असं समजा. याचं नाव ऑप्टिमिस्टिक ऑफलाइन लॉक. आज जेपीएमध्ये (डेटाबेसशी बोलण्याच्या जावाच्या ठरलेल्या पद्धतीत) हे एका अ‍ॅनोटेशनने, म्हणजे कोडवर लावलेल्या खुणेने होतं, पण ते अ‍ॅनोटेशन कशासाठी आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरं असं की मुलं परवा विचारत होती, "सर, सेव्ह न करताच अपडेट कसं गेलं?" जेपीएचं काम प्रत्यक्ष करणारी हायबरनेट ही लायब्ररी आत काय करते ते युनिट ऑफ वर्क (काय काय बदललं याची नोंद ठेवून शेवटी एकदम लिहिणं) आणि आयडेंटिटी मॅप (एका रेकॉर्डचा एकच ऑब्जेक्ट ठेवणं) या दोन पॅटर्नमध्ये नीट उलगडतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कोड जावा ५ च्या, म्हणजे २००४ च्या आधीचा आहे. जेनेरिक्स नाहीत, म्हणून जागोजागी कास्टिंग, म्हणजे ऑब्जेक्टचा प्रकार हाताने सांगणं. डेटा मॅपर, म्हणजे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसच्या टेबलांमध्ये माहिती ने-आण करणारा कोड, पानंच्या पानं हाताने लिहिलाय. वेबच्या प्रकरणात एक्सएसएलटी (एक्सएमएलचं वेबपानात रूपांतर करणारी जुनी भाषा) आहे, जे या मुलांनी कधी पाहिलेलंही नाही. शिवाय तिघांपैकी दोघं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पाचशेहून जास्त पानांचं इंग्रजी पुस्तक एकदम समोर ठेवलं तर दबून जातील, याची मला खरी काळजी आहे.

कुणी हे पुस्तक टीमसोबत वाचलंय का? कोणती प्रकरणं घ्यावीत, कोणती सोडावीत?

प्रतिसाद

मी विमा क्षेत्रातल्या सॉफ्टवेअरवर काम करते, दोन वेळा गटात हे पुस्तक घेतलंय. द्याच. पण क्रमाने वाचू नका.

सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून करा. करारातलं उत्पन्न कधी जमेस धरायचं, याचं एकच उदाहरण पुढे ट्रान्झॅक्शन स्क्रिप्ट (एका कामाच्या सगळ्या पायऱ्या एकाच मेथडमध्ये) आणि डोमेन मॉडेल (नियम त्या त्या ऑब्जेक्टमध्ये वाटलेले) अशा दोन्ही पद्धतींनी लिहून दाखवलंय. वर्ड प्रोसेसरचे पैसे लगेच जमा, स्प्रेडशीटचे एक तृतीयांश आज, एक ६० दिवसांनी, एक ९० दिवसांनी. वाचून सोडू नका, मुलांना दोन्ही पद्धतींनी आजच्या जावात लिहायला लावा. तुमची ती लांबलचक मेथड म्हणजे ट्रान्झॅक्शन स्क्रिप्टच आहे, आणि फाउलर तिला वाईट म्हणत नाहीत. नियम साधे असतील तिथे तीच योग्य. आमच्या पहिल्या गटाने हे लक्षातच घेतलं नाही आणि साध्या रिपोर्टलाही डोमेन मॉडेल बांधत बसला. दीड महिना गेला.

नंतर पाचवं, मग तिसरं. चौथं आणि सहावं सोडलं तरी चालेल. सातव्याला अर्धा तास द्या. 'ऑब्जेक्ट वेगवेगळ्या मशीनवर वाटू नका' हा नियम तिथे आहे. मायक्रोसर्व्हिसचा, म्हणजे एक सॉफ्टवेअर अनेक छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये तोडण्याचा, विषय निघण्याआधी तो कानावर पडलेला बरा.

आणि शेवटच्या प्रकरणातला मनी पॅटर्न (पैशाच्या रकमा कोडमध्ये कशा सांभाळायच्या) पतसंस्थेसाठी चुकवूच नका. ५ सेंट ७० आणि ३० टक्क्यांत वाटायचे: साडेतीन आणि दीड. दोन्ही वर नेले तर ६ होतात, दोन्ही खाली नेले तर ४. म्हणून वाटणी करणारी वेगळी मेथड, जी उरलेला सेंट हिशोबात ठेवते.

भाषेचं म्हणाल तर दर आठवड्याला एकाने एकच पॅटर्न वाचून यावा आणि मराठीत समजावावा. पॅटर्नची नावं मात्र आहेत तशीच राहू द्या, उद्या दुसऱ्या टीमशी बोलताना तीच लागतात.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. या शनिवारी दुसरं प्रकरण घेतो, पुढच्या शनिवारी पाचवं, आणि त्या दिवशी पुस्तकाआधी आमची वारसाची स्क्रीन दोन ब्राउझरमध्ये उघडून मुलांना तो घोळ स्वतः करून पाहू देतो.

तुमचा प्रतिसाद वाचून लाभांश वाटपाचा कोड उघडला. आम्ही प्रत्येक सभासदाची रक्कम वेगवेगळी राउंड करतो, एकूण बेरीज मंजूर रकमेशी ताडून पाहत नाही. उरलेले पैसे कुठे टाकायचे हे मी ठरवणं बरोबर नाही. उद्या संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून विचारतो आणि इथे कळवतो.