सैनिकांची जुनी पत्रं ऐकून डोळे पुसणाऱ्यांना एक प्रश्न

माणदेशी:

हल्ली पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचं फार कौतुक चाललंय. कुठं अभिवाचन, कुठं प्रदर्शन, कुठं मागं सनई लावून केलेला व्हिडिओ. आणि निवेदक दरवेळी तेच म्हणणार, इतिहासाच्या पुस्तकात नसलेलं जवानाचं मन या पत्रांत आहे. मला हे अजिबात पटत नाही.

ही पत्रं आली कुठून ते आधी बघा. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजेच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समधल्या मार्सेल बंदरात उतरायला लागल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या टपालावर सेन्सॉर बसला. प्रमुख होते इव्हलिन हॉवेल नावाचे आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलकी सेवेतले साहेब. भीती मुख्यतः गदरवाल्यांची, म्हणजे परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांची; त्यांचं सॅन फ्रान्सिस्कोहून येणारं साहित्य पलटणीत शिरू नये. १९१५ च्या मार्चच्या आसपास फ्रान्समधले आपले शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. मूठभर माणसं एवढी सगळी वाचणार कशी, तर काही उघडायची, त्यातलं डोळ्यात भरेल तेवढं इंग्रजीत उतरवायचं आणि अहवालाला जोडून वर पाठवायचं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज आहेत ते हे उतारे. मूळ पत्रं एकतर पुढे गेली किंवा अडवली गेली. म्हणजे आपण टाळ्या वाजवतो ते शिपायाच्या पत्राला नाही, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याच्या नोंदवहीला.

दुसरं, लिहिणारा कोण? बहुतेक शिपाई निरक्षर. लिहून देणारा तिसराच. ते पलटणीतला साहेब बघणार, मग सेन्सॉर बघणार, आणि घरी ते पोस्टमन नाहीतर शाळामास्तर ओसरीवर मोठ्यानं वाचणार, आजूबाजूला निम्मी आळी. नवरा-बायकोच्या मधे एवढी माणसं बसलेली असताना कुणी काळीज उघडं करतं का हो?

आणि तिसरं, या फ्रान्सच्या उताऱ्यांत भरणा पंजाबी मुसलमान, शीख, पठाण यांचा. आपल्या मराठा पलटणी बऱ्याचशा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. झेलमच्या सवाराचं पत्र वाचायचं आणि 'आपल्या साताऱ्याचा जवान' म्हणून उसासे टाकायचे, हे काय आहे?

फौजीच्या घरची:

माणदेशी, तुमच्या घरात कुणी फौजेत नसावं असं वाटतं, राग मानू नका.

माझे वडील काश्मीरला होते तेव्हा पत्रावर पत्ता काय असायचा, तर नंबर, रँक, नाव, युनिट आणि केअर ऑफ ५६ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालय. माणूस लेहला आहे का पूंछला का पठाणकोटला, काही कळायची सोय नाही. आत मजकूर ठरलेला. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, म्हशीचं काय झालं, सोसायटीचा हप्ता भरला का, पोरांना अभ्यासाला बसव. तुमच्या हिशोबानं यात मन कुठंच नाही. पण एकदा पत्रात त्यांनी पासबुक कुठल्या ट्रंकेत आहे, विम्याचा कागद कुणाकडं आहे, बांधाच्या भांडणात कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही, एवढं सगळं ओळीनं लिहिलं आणि शेवटी परत सर्व क्षेम. आईनं ते आम्हाला वाचून दाखवलं, घडी घातली आणि त्या दिवशी जेवली नाही. आम्ही लहान, आम्हाला वाटलं बाबांनी कामं सांगितलीयत. तिला मात्र कळलं की हा माणूस आता पुढं निघालाय.

सेन्सॉरला काय कापायचं होतं त्यात? पासबुक? पत्र ज्याच्यासाठी असतं त्याला ते बरोबर वाचता येतं. तुम्हाला-मला नाही आलं म्हणून ते खोटं होत नाही.

जुनेपुराणे:

वरच्या ताईंशी सहमत, आणि यात थोडी इतिहासाची भर घालतो.

सेन्सॉर आहे हे शिपायांना पक्कं माहीत होतं, लपूनछपून नव्हतंच ते. म्हणून तर त्यांनी वाटा काढल्या. काळी मिरची आणि लाल मिरचीचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, काळी मिरची म्हणजे आपले शिपाई आणि लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली आता लाल वापरतायत, असं घरी लिहिलं की समजणाऱ्यानं समजायचं. कुणी पिकाच्या भाषेत लिही, कुणी जात्यात भरडल्या जाणाऱ्या दाण्यांच्या. हॉवेलसाहेबाच्याही लक्षात आलं होतं की ही माणसं सूचक लिहितात आणि यांना पुरतं अडवणं शक्य नाही.

दुसरं म्हणजे काही जण सूचक बिचक पण नाही, सरळ लिहीत होते. धाकट्या भावाला भरती होऊ देऊ नका, अशी पत्रं आहेत. १९१५ मध्ये सगळ्यात मोठी तक्रार होती की जखमी झालेल्याला घरी पाठवत नाहीत, इंग्लंडात ब्रायटनला वगैरे दवाखान्यात बरा करतात आणि परत त्याच खंदकात ढकलतात. हे लिहिणाऱ्याला माहीत होतं पत्र उघडलं जाणार, तरी लिहिलं. याला तुम्ही देखावा म्हणणार?

माणदेशी:

जुनेपुराणे, तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. 'भावाला भरती होऊ देऊ नका' हे आपल्यापर्यंत पोचलं कारण सेन्सॉरला ते धोक्याचं वाटलं. शेजारी शंभर जणांनी बैलाची किंमत, कोर्टातली तारीख आणि सुनेची कुरबूर लिहिली असेल, तर त्यातलं मोजकंच उतरवलं जाणार. त्याच गठ्ठ्यात सरकारचं मीठ खाल्लंय, बादशहासाठी मरण आलं तर सोनं होईल, अशीही पत्रं भरपूर आहेत, कारण वरच्या साहेबांना ती ऐकायला बरी वाटायची. आता जो तो आपल्याला हवं ते उचलतो. एक जण म्हणतो बघा शिपाई इंग्रजाविरुद्ध होता, दुसरा म्हणतो बघा किती इमानी होता. पुरावा दोघांचा एकाच कपाटातून.

ताई, तुमच्या आईंबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण तुम्हीच सांगितलंत ना की ते पत्र वाचायला तुमची आई लागली. मग रंगमंचावरच्या नटाला ते कसं कळणार?

मसालेभात:

नटाला नाही कळलं तरी ऐकणाऱ्याला निदान एवढं तरी कळतं की तेरा लाखांच्या वर माणसं या देशातून त्या युद्धात गेली आणि सत्तरएक हजार परत आलीच नाहीत. शाळेत हे एका ओळीत उरकतात. सनई असो नाहीतर डफ असो, माझ्या पोराला हे एका कार्यक्रमातच कळलं. तुमचं सगळं बरोबर असेल हो, पण मग करायचं काय, कपाटाला कुलूप घालायचं?

रेघोट्या:

मला वेगळाच त्रास होतो या सगळ्याचा. एका माणसानं बायकोला लिहिलेलं पत्र, ते आधी सरकारनं चोरून वाचलं, आता आपण तिकीट लावून वाचतो. त्याला कुणी विचारलंय का?

मसालेभात:

शंभर वर्षं झाली हो. कुणाला विचारणार?

रेघोट्या:

त्याच्या घरच्यांना. नातवंडं पतवंडं आहेत की गावात. निदान गावाचं आणि माणसाचं नाव तरी झाकावं, विशेषतः जिथं घरातली भांडणं, कुणाच्या बाईबद्दल संशय, असलं काही लिहिलेलं आहे. पलटणीचं नाव ठेवा की, त्यानं इतिहासाचं काही बिघडत नाही.

कोयनाकाठ:

मी जरा लांबचं लिहितोय, विषय सोडून वाटला तर थांबवा.

मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या हे माणदेशींनी म्हटलंच आहे. सहावी पुणे डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. त्यांचा इंग्रज सेनापती टाउनशेंड बगदादच्या वाटेवरून मागं फिरला आणि डिसेंबर १९१५ मध्ये सगळे कुत-अल-अमाराला अडकले. १४७ दिवस वेढा. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जणांनी शस्त्रं खाली ठेवली. या सगळ्या काळात बाहेरच्या जगाशी संपर्क वायरलेसचा, आणि वायरलेस काय सातारा-रत्नागिरीच्या शिपायाला खुशाली कळवायला नव्हता.

आता यातली एक गोष्ट बघा. रसद संपली तेव्हा घोडे कापायला लागले. गोऱ्यांनी खाल्ले, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नकार दिला. धर्मगुरूंकडून परवानगी मागवली, ती वायरलेसवरून आली, तरी कित्येक जण तयार होईनात आणि उपासानं, स्कर्व्हीनं खंगत गेले. एक अडचण अशी की आपण खाल्लेलं गावाकडं कळलं तर पंगतीला कोण घेणार, पोरीबाळींची लग्नं कशी होणार. पत्र जात नव्हतं, येत नव्हतं, पण गाव तिथं येऊन बसलेलंच होतं. माणदेशी म्हणतात ओसरीवर निम्मी आळी ऐकायला बसलेली असल्यावर माणूस मनातलं बोलत नाही. माझं म्हणणं, ती आळी त्याच्या मनाबाहेर नव्हतीच. ती वजा करून उरलेला एकटा शिपाई शोधायला निघालात तर हाती काही लागणार नाही.

दुसरं, सगळी पत्रं सेन्सॉरच्या कपाटातलीच असतात असंही नाही. कुतलाच कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी म्हणून बंगाली डॉक्टर होते, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले. आईला बंगालीत पत्रं लिहायचे. १९१५ मध्ये त्यांनी लिहिलंय की इंग्रजांनी आपल्याला शिकवलेला देशाभिमानच या रक्तपाताच्या मुळाशी आहे. सरकारी गणवेशातला माणूस हे घरी लिहितोय! पुढे ते तुर्कांच्या कैदेत, आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनला १९१७ मध्ये वारले. ही पत्रं सरकारमुळे नाही राहिली, घरानं जपली म्हणून राहिली, आणि ऐंशीच्या घरातल्या आजीनं १९२८ मध्ये ती नातवाच्या चरित्रात छापून आणली.

आमच्याकडं सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. तिथं दरवर्षी हार घालतात. पत्रांचं कुणी विचारत नाही. गवताच्या गंजीबरोबर, घराच्या डागडुजीत, वाळवीत काय काय गेलं असेल.

जुनेपुराणे:

कोयनाकाठ, सुंदर लिहिलंत. फक्त एवढंच, तो डॉक्टर शिकलेला, स्वतःच्या हातानं लिहिणारा आणि भद्रलोकांतला, म्हणजे बंगालच्या सुशिक्षित वरच्या वर्गातला. आपला शिपाईगडी निरक्षर. जपायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

फौजीच्या घरची:

हातात होतं हो, पण कुणाच्या? इथं सगळे शिपायानं घरी लिहिलेल्याबद्दल बोलतायत. घरून गेलेल्या पत्रांचं काय? ती तर कुठंच नाहीत. खंदकात, बराकीत, बदलीच्या ट्रंकेत ती टिकणारच नव्हती. माझ्या आईनं बाबांना लिहिलेलं एकही पत्र आमच्याकडं नाही, त्यांची तिला आलेली आहेत. बाई काय म्हणाली ते नवऱ्याच्या उत्तरावरून ओळखायचं.

जुनेपुराणे:

हा मुद्दा महत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धात हे उलटं झालेलं दिसतं. तेव्हा मराठा पलटणी आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनला लढल्या, मग इटलीत. मध्यपूर्वेत आणि इटलीत असलेल्या हिंदी सैनिकांच्या टपालाचे नियमित अहवाल निघायचे, आणि १९४३ च्या सुमाराला साहेबांची झोप उडवली ती घरून येणाऱ्या पत्रांनी. धान्य मिळत नाही, ज्वारी-तांदळाला हात लावता येत नाही, तुम्ही पाठवलेल्या मनिऑर्डरीत महिना निघत नाही. बंगालचा दुष्काळ तर होताच पण महागाई सगळीकडे. शिपाई तिकडं पोटभर जेवतोय आणि घरी बायको अर्धपोटी, हे त्याला तोफेपेक्षा जास्त लागत होतं. अधिकारी यावर उपाय शोधत होते.

आता या पत्रांत भावनेची भाषा नाही, नुसता बाजारभाव. आणि साम्राज्य घाबरलं बाजारभावाला.

माणदेशी:

हे खरं काम आहे. हे वाचायला मी कुठंही येईन. पण कार्यक्रमवाले हे घेणार नाहीत, लिहून देतो. त्यांना 'प्रिये, हा चंद्र तुझ्या अंगणातही असेल' पाहिजे. ज्वारीच्या भावाला सनई लागत नाही.

माझा आक्षेप पत्रांवर नाहीच, निवडीवर आहे. आधी सेन्सॉरनं निवडलं, मग अभ्यासकानं, मग निवेदकानं, आणि तीन चाळण्यांतून खाली पडलेल्या पिठाला आपण म्हणतो हे शेतातलं धान्य.

रेघोट्या:

पण माणदेशी, चाळणी नसलेलं तुम्हाला काय मिळणार आहे? ताईंच्या आईनंसुद्धा पोरांना वाचून दाखवताना काही ओळी गाळल्याच असतील.

फौजीच्या घरची:

गाळायची. आवाज बदलायचा तेवढ्यापुरता, मग आम्हाला कळायचं. कधी तर नसलेलं पण वाचायची, बाबा म्हणतायत दूध संपवा म्हणून. मोठी झाल्यावर पत्रं बघितली तर दुधाचं नाव नाही कुठं.

जुनेपुराणे:

एक सुचवतो. अजून ६५च्या, ७१च्या, मग कारगिलच्या लढाईतली पत्रं घराघरांत आहेत. त्या फुकटातल्या फौजी अंतर्देशीयांची गोष्टच वेगळी. लष्करी टपालाचं ट्रेनिंग सेंटर आपल्याच कामठीला आहे, ५६ एपीओची व्यवस्था कशी चालायची हे सांगणारी निवृत्त माणसं विदर्भात भेटतील. जिल्ह्याजिल्ह्यात कुणीतरी स्कॅन करायला घ्यायला पाहिजे, पण अख्खी, बैलाच्या किमतीसकट.

रेघोट्या:

आणि घरच्यांची सही घेऊन.

माणदेशी:

सही घ्या, अख्खी घ्या, आणि सोबत ते घरी कोण वाचायचं तेही लिहून घ्या. वाचणारी माणसं आज सत्तर-ऐंशीची आहेत. कागद एक वेळ टिकेल.

मसालेभात:

म्हणजे कार्यक्रम करायचा की नाही ते सांगा, गणपतीत हॉल बुक केलाय आम्ही.